पास हातात, डोंगर बंद: स्की पासबद्दल वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या लोकलचा सीझन पास ज्याने काढला आहे, त्याला स्कीचा सीझन पास, म्हणजे मोसमभर डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये (खुर्च्यांच्या रोपवेत) बसण्याची मुभा, फारसा समजावून सांगावा लागत नाही. पैसे आधी, प्रवास नंतर. पास दुसऱ्याला द्यायचा नाही. मेगाब्लॉक लागला म्हणून कुणी पैसे परत देत नाही. फरक एवढाच, की मोठ्या कंपन्यांचा हा पास हजार डॉलरच्या आसपास जातो, तो वसंतात विकला जातो आणि बर्फाचं तोंड दिसतं ते थेट डिसेंबरात. मधल्या सात-आठ महिन्यांत पैसे कंपनीकडे आणि जोखीम तुमच्याकडे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या वाचकांची या विषयावरची पत्रं साठली होती. गुलमर्गचंही एक आहे. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्हा चौघांचे सीझन पास आहेत. रिसॉर्टने मोसम २० नोव्हेंबर ते १२ एप्रिल असा जाहीर केला होता. प्रत्यक्षात १० मार्चपासून सगळ्या लिफ्ट बंद केल्या. पैसे परत मागता येतील का? (वाचक, डेन्व्हर)

आधी करार काढा. खरेदी करताना ‘मान्य आहे’ म्हणून ज्या चौकोनात टिचकी मारलीत, तो मजकूर पावतीच्या ईमेलमधल्या दुव्यावर सापडतो. त्यात दोन गोष्टी शोधा: ‘सीझन’ची व्याख्या दिली आहे का, आणि ‘तारखा पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात’ असं वाक्य आहे का. बर्फ कमी पडण्याचा धोका जवळपास प्रत्येक कंपनी ग्राहकाच्या गळ्यात बांधते, आणि न्यायालयांनाही त्यात सहसा काही वावगं दिसत नाही. पास म्हणजे लिफ्ट चालू असतील तेव्हा चढण्याची मुभा. बर्फाची हमी नव्हे. त्यामुळे ‘यंदा स्कीइंग नीट झालंच नाही’ हा दावा उभा राहत नाही. ‘उतारावर बर्फ होता, लिफ्ट चालवता येत होती, तरी जाहीर तारखेच्या महिनाभर आधी कुलूप लावलं’ हा दावा मात्र वेगळा आहे आणि त्यात दम आहे. म्हणून बंद करण्याचं कारण कंपनीकडून लेखी घ्या. फोनवर सांगितलेलं कारण पुढे बदलतं.

या भांडणाची मोठी परीक्षा २०२० मध्ये झाली. कोविडमुळे व्हेल रिसॉर्ट्स आणि अल्टेरा या दोन्ही बड्या कंपन्यांनी मार्चच्या मध्यात उत्तर अमेरिकेतली आपली ठिकाणं बंद केली. व्हेलने आपल्या ‘एपिक’ या सीझन पासच्या धारकांना रोख परतावा दिला नाही. पुढच्या मोसमाच्या पासवर किमान २० टक्के, आणि पास पाच दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर जास्तीत जास्त ८० टक्के क्रेडिट दिलं. दोन्ही कंपन्यांवर कोलोराडोच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावे दाखल झाले. व्हेलच्या खटल्यात सगळं येऊन ठेपलं ते ‘सीझन’ या एका शब्दावर. कंपनीचं म्हणणं, आम्ही लिफ्ट बंद केल्या तिथे सीझन संपला. ग्राहकांचं म्हणणं, सीझन म्हणजे तुम्ही विकताना दाखवलेला हिवाळा, तुमच्या सोयीने आखूड होणारा नव्हे. खटले चालत राहिले. पण ग्राहकाच्या हातात आधी जे पडलं, ते न्यायालयाबाहेर. २०२०-२१ पासून व्हेल पाससोबत ‘एपिक कव्हरेज’ विनामूल्य देऊ लागली. त्यात दुखापत, आजार, नोकरी जाणं अशी वैयक्तिक कारणं आणि ठराविक परिस्थितीत रिसॉर्ट बंद होणं, दोन्ही येतात. तुमच्या पासला असं काही कव्हर आहे का ते आधी बघा. असेल तर वकिलाआधी तो अर्ज भरा, कारण त्याला मुदत असते.

कव्हर नसेल तर आकडा घेऊन बोला. २० नोव्हेंबर ते १२ एप्रिल हे १४४ दिवस. १० मार्च ते १२ एप्रिल हे बुडालेले ३४ दिवस. पास ९६० डॉलरचा असेल तर ९६० × ३४ ÷ १४४, म्हणजे माणशी सुमारे २२७ डॉलर. कंपनी म्हणेल, तुम्ही पास २५ वेळा वापरला, पैसे केव्हाच वसूल झाले. त्यावर उत्तर असं, की करार फेऱ्यांचा नव्हता, कालावधीचा होता. अख्ख्या पासचे पैसे मागू नका. मागणी फुगली की समोरचा ती वाचायचंही सोडून देतो.

पत्र एका पानाचं पुरे. काय विकलं, याला जाहीर तारखांचा स्क्रीनशॉट. काय मिळालं, याला बंदची घोषणा. किती पैसे हवेत आणि कोणत्या तारखेपर्यंत. साधारण १४ दिवस द्या. दाद लागली नाही तर कोलोराडोत ७,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या, न्यायालयात स्वतःच मांडता येतो. इथे लोक हमखास एक चूक करतात: डोंगराच्या नावावर दावा लावतात. डोंगर ही कंपनी नाही. पावतीवर किंवा अटींमध्ये कायदेशीर नाव असतं, बहुधा ‘एलएलसी’ने संपणारं, त्याचा रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने न्यायालयाचे कागद स्वीकारणारा) राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर सापडतो आणि समन्स त्यालाच बजवायचं असतं. अटींमध्ये लवादाचं कलम असेल तर स्मॉल क्लेम्सला त्यातून सूट आहे का ते पाहा, बरेचदा असते. खरेदीनंतर ठराविक दिवसांत लवादातून बाहेर पडण्याची सोयही काही करारांत असते, पण ती पास घेताच वापरायची असते, भांडण झाल्यावर नाही.

प्रश्न : नाताळच्या आठवड्यात विमानाने गेलो. रिसॉर्ट ‘चालू’ होतं, पण कर्मचाऱ्यांच्या संपामुळे डोंगराचा थोडाच भाग उघडा होता आणि रांगा तासभराच्या. कंपनी पुढच्या वर्षीच्या पासवर क्रेडिट देते म्हणते. घ्यावं का? (वाचक, डॅलस)

अगदी असाच प्रकार युटातल्या पार्क सिटीला घडला. तिथल्या स्की पेट्रोलचा, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाचा, संप २७ डिसेंबर २०२४ ला सुरू झाला आणि ८ जानेवारी २०२५ पर्यंत चालला. पेट्रोलची माणसं हिमस्खलनाचा धोका काढत नाहीत, उतार तपासत नाहीत, तोवर लिफ्ट उघडता येत नाही. त्यामुळे ऐन सुट्टीत बर्फ असूनही बराचसा डोंगर बंद राहिला. आधी सामूहिक दावा आला, मग कंपनीने त्या दिवसांत आलेल्यांना ५० टक्के क्रेडिट देऊ केलं, तेही २०२५-२६ च्या पासवर.

क्रेडिट घ्यायला हरकत नाही, मात्र ते घेताना ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशी अट खाली दडवलेली आहे का ते वाचा. पुढच्या वर्षी जाणारच नसाल तर क्रेडिट म्हणजे कूपनच. तेव्हा नकार कळवून रोख मागा. तुमच्या बाजूचा खरा मुद्दा बर्फाचा नाही, माहिती दडवण्याचा आहे. संप होणार हे कंपनीला कधी कळलं, आणि त्यानंतरही पूर्ण दराने तिकीट विकताना तसं सांगितलं का? म्हणून तिकीट घेतलं त्या दिवशीचं विक्रीचं पान आणि प्रत्यक्ष दिवशी अॅपमध्ये दिसणारी लिफ्टची स्थिती (‘४१ पैकी इतक्या चालू’ असा आकडा असतो) यांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले, की वेगळं काही सांगावं लागत नाही. अॅपवरची स्थिती रात्री पुसली जाते, दुसऱ्या दिवशी ती मिळत नाही.

विमान आणि हॉटेलचा खर्च या मार्गाने निघेल अशी आशा धरू नका. तो प्रवासविम्याचा विषय, आणि संप ‘आधी जाहीर झालेला’ असेल तर विमा कंपनीही हात वर करते.

क्रेडिट कार्डाचा मार्ग बरेच जण विचारतात. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने ‘ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार ज्या बिलात रक्कम पहिल्यांदा दिसली त्यापासून ६० दिवसांत, लेखी, बँकेच्या बिलिंग तक्रारींच्या पत्त्यावर करायची असते. पैसे भरायच्या पत्त्यावर नव्हे. तिकीट ऐनवेळी घेतलं असेल तर हे जमतं. एप्रिलमध्ये पास घेऊन डिसेंबरात तक्रार असेल तर ही मुदत केव्हाच उलटलेली असते. तेव्हा कार्डाच्या नेटवर्कचा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून घेणं, उरतो. व्हिसाच्या नियमांत सेवा न मिळाल्याच्या तक्रारीला, सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून १२० दिवस धरतात, पण मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या आत. ‘सेवा मिळाली पण निकृष्ट’ ही तक्रार त्याहून अवघड. आणि एक व्यवहारी गोष्ट: चार्जबॅक जिंकलात तरी कंपनी तुमचं खातं गोठवू शकते. त्याच कंपनीच्या डोंगरावर पुन्हा जायचं असेल तर आधी पत्र, मग चार्जबॅक.

प्रश्न : लिफ्टवरून उतरताना खुर्ची थांबवली गेली नाही, मुलीचा पाय मोडला. पास घेताना आम्ही वेव्हर (इजेबद्दल दावा करणार नाही असं माफीपत्र) सही केलं होतं. आता काहीच करता येणार नाही असं रिसॉर्टचा माणूस म्हणतो. खरं आहे का? (वाचक, मिसिसॉगा, अशीच पत्रं व्हँकुव्हर आणि बोल्डरहूनही)

त्या माणसाला तसंच सांगायला शिकवलेलं असतं. खरं उत्तर तुम्ही कोणत्या राज्यात किंवा प्रांतात पडलात यावर आहे, आणि या विषयात याहून मोठा फरक कशानेच पडत नाही.

ऑन्टारियोत परिस्थिती ग्राहकाला प्रतिकूल. तिथल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ब्लू माउंटनच्या प्रकरणात ठरवलं, की ग्राहक संरक्षण कायदा सेवा नीट देण्याची हमी देत असला तरी स्की उताराच्या बाबतीत ऑक्युपायर्स लायबिलिटी कायदा वरचढ, आणि तो जागेच्या मालकाला वेव्हरने जबाबदारी झटकू देतो. अल्पवयीन मुलीच्या वतीने आईबापांनी केलेली सही तिला स्वतःला कितपत बांधते, हा मात्र वेगळा आणि लढण्याजोगा मुद्दा आहे. तिथे मुदतीकडे दुहेरी लक्ष हवं: दाव्याला सर्वसाधारण मुदत दोन वर्षं (मुलांसाठी ती वेगळी मोजली जाते), आणि खासगी जागेत बर्फामुळे झालेल्या इजेसाठी ६० दिवसांत मालकाला लेखी नोटीस. लिफ्टवरच्या अपघाताला ही नोटीस लागू होते का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती पाठवून मोकळं व्हा. तारीख, वेळ, जागा, लिफ्टचं नाव, एवढं पुरतं.

ब्रिटिश कोलंबियात वेव्हर चालतं, पण ते तुमच्या नजरेस कधी आणलं याला महत्त्व आहे. ग्राउस माउंटनच्या प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की अटींची पुरेशी सूचना पैसे घेण्याआधी किंवा घेताना द्यायला हवी. तिकीट घेऊन आत गेल्यावर टेरेन पार्कच्या (उड्यांसाठी मुद्दाम रचलेल्या भागाच्या) तोंडाशी दिसलेली पाटी मोजायची नाही. कंपनीच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालणारं कलम असेल तर ते आणखीच ठळक हवं. खिडकीवर तिकीट घेतलं असेल तर त्या खिडकीचा फोटो आजच काढून घ्या: पाटी किती उंचीवर, अक्षर केवढं, रांगेतून दिसते का. ऑनलाइन घेतलं असेल तर तो गुंडाळीसारखा सरकणारा चौकोन आठवा. शेवटपर्यंत न सरकवता ‘पुढे’ दाबता येत होतं का? हे तपशील खटल्यात कामी येतात. क्वेबेकमध्ये तर प्रश्नच मिटतो. सिव्हिल कोडच्या कलम १४७४ नुसार शारीरिक इजेची जबाबदारी कराराने टाळताच येत नाही.

अमेरिकेत राज्याराज्यात तऱ्हा. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच किलिंग्टनच्या खटल्यात असं वेव्हर सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द ठरवलं. तिथला माणूस रांग लावायच्या लोखंडी खांबावर आदळला होता. न्यूयॉर्कमध्ये शुल्क घेणाऱ्या मनोरंजनाच्या जागांना निष्काळजीपणाची माफी आधीच लिहून घेता येत नाही, तसा कायदाच आहे. ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये माउंट बॅचलरच्या सीझन पासवरचं माफीपत्र अन्यायकारक ठरवलं. तिथला तरुण २००६ मध्ये टेरेन पार्कमधल्या उडीत जखमी होऊन कायमचा अपंग झाला होता.

कोलोराडो पूर्वीपासून कंपन्यांचा बालेकिल्ला. १९७९ चा स्की सेफ्टी कायदा हवामान, बर्फाची स्थिती, झाडं, खडक यांना ‘अंगभूत धोके’ मानतो आणि त्यांसाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही. २०१६ मध्ये विंटर पार्कच्या हद्दीतल्या हिमस्खलनालाही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच यादीत बसवलं. पण लिफ्ट हा अंगभूत धोका नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मार्च २०२२ मध्ये क्रेस्टेड ब्युटला १६ वर्षांची मुलगी खुर्चीत नीट बसू शकली नाही, ओरडाआरड होऊनही लिफ्ट थांबली नाही आणि ती सुमारे ३० फुटांवरून पडली. वडिलांनी एपिक पास घेताना माफीपत्रावर सही केलेली होती. २० मे २०२४ ला कोलोराडो सर्वोच्च न्यायालयाने ५-२ ने ठरवलं, की स्की सेफ्टी कायदा आणि लिफ्ट सुरक्षेचे नियम यांनी जी कर्तव्यं कंपनीवर टाकली आहेत ती खासगी करारावरच्या सहीने पुसता येत नाहीत. सामान्य निष्काळजीपणाचा दावा वेव्हरने अडला. नियमभंगाचा दावा उभा राहिला. बोल्डरच्या वाचकांनी यातून घ्यायचं ते असं: दाव्यात ‘काळजी घेतली नाही’ एवढंच लिहू नका, कोणता नियम मोडला ते लिहा. चालक जागेवर होता का, थांबवायचं बटण कुणी दाबलं, किती वेळाने दाबलं. लिफ्ट स्टेशनवरचं चित्रण कंपनीकडे असतं आणि ते फार दिवस ठेवलं जात नाही. म्हणून ‘चित्रण, चालकाच्या नोंदी आणि अपघात अहवाल जपून ठेवा’ असं पत्र पहिल्याच आठवड्यात जायला हवं. कोलोराडोत अशा दाव्याला मुदत दोन वर्षं.

पेट्रोलने दिलेल्या अपघाताच्या फॉर्मवर काय लिहिता, याकडेही लक्ष असू द्या. वेदनेत माणूस ‘माझंच चुकलं, तोल गेला’ असं भिडेखातर लिहून जातो. आपल्याकडे ही सवय जास्त. जे घडलं तेवढंच लिहा, कारण लिहू नका.

प्रश्न : माझा पास एक दिवस भाच्याला दिला. गेटवर पकडला गेला, पास जप्त. उरलेल्या मोसमाचे पैसे मिळतील? (वाचक, सॉल्ट लेक सिटी)

नाही. पासवर फोटो असतो, गेट स्कॅन करताना तो चालकाच्या पडद्यावर उमटतो, आणि करारात पास हस्तांतरित करता येत नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा सेवेच्या चोरीचा गुन्हाही ठरतो. नम्रपणे दिलगिरीचं पत्र लिहा. पहिली वेळ असेल तर काही ठिकाणी दंड घेऊन पास पुन्हा चालू करतात. वकिलावर पैसे घालवू नका.

प्रश्न : गेल्या वर्षीचा पास आपोआप नव्याने लागू झाला आणि कार्डातून पैसे गेले. मी सांगितलं नव्हतं. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

सांगितलं असणार, फक्त तुम्हाला कळलं नसणार; खरेदीच्या शेवटच्या पानावर हप्त्याच्या सवलतीशेजारी तो टिक आधीच लावलेला असतो. २०१० च्या संघीय कायद्यानुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपोआप नूतनीकरणाच्या अटी ठळक दाखवायला हव्यात, त्यावर तुमची स्पष्ट संमती घ्यायला हवी आणि रद्द करायचा सोपा मार्ग द्यायला हवा. आधीच लावलेल्या टिकला स्पष्ट संमती म्हणायचं का, इथे कंपनी अडचणीत येते. नवा पास एकदाही स्कॅन करू नका. आजच लेखी रद्द करा, संमती कधी आणि कुठे दिली त्याची नोंद मागा, आणि वर सांगितलेल्या ६० दिवसांत बँकेला पत्र टाका. इथे ती मुदत तुमच्या बाजूची आहे.

प्रश्न : ऑस्ट्रियात सहा दिवसांचे पास ऑनलाइन घेतले. युरोपात १४ दिवसांत खरेदी रद्द करता येते ना? शिवाय दोन दिवस वादळी वाऱ्याने वरच्या लिफ्ट बंद होत्या. (वाचक, म्युनिक)

१४ दिवसांचा हक्क इथे नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात ठराविक तारखेच्या किंवा कालावधीच्या करमणूक सेवा त्यातून वगळल्या आहेत, आणि तारीख घातलेला स्की पास नेमका तिथे बसतो. हॉटेलच्या खोलीसारखं समजा.

वाऱ्याचं म्हणाल तर, काही लिफ्ट चालू असतील तर परतावा मिळत नाही. संपूर्ण क्षेत्र बंद राहिलं तर अटी पाहा. काही ठिकाणी त्या दिवसांचे पैसे मिळतात. आजारपणाचे नियम आल्प्समध्ये सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखे आहेत: स्कीवर दुखापत झाली तर स्थानिक डॉक्टरचा दाखला आणि कार्ड त्याच दिवशी तिकीट खिडकीवर जमा करायचं, त्या तारखेपासून पुढचे दिवस मोजतात. म्युनिकला परतून घरच्या डॉक्टरचा दाखला आणलात तर तो बहुधा चालत नाही. मुलाचा पाय मुरगळला म्हणून त्याच्यापाशी बसलेल्या आईचा पास सहसा परत घेत नाहीत. प्लॅस्टिकच्या कार्डाची अनामत रक्कम मात्र कार्ड खराब नसेल तर परत मिळते, लोक ती विसरतात.

एक वाट जरा बरी आहे. हॉटेल आणि पास एकाच विक्रेत्याकडून एकत्र घेतले असतील, आणि पासची किंमत एकूण पॅकेजच्या २५ टक्क्यांच्या घरात किंवा वर असेल, तर २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाचं संरक्षण मिळू शकतं. त्या निर्देशाच्या प्रस्तावनेत स्की पासचा नावाने उल्लेख आहे. मग न मिळालेल्या सेवेपुरती किंमत कमी करून मागायची ती आयोजकाकडे, लिफ्ट कंपनीकडे नव्हे. तक्रार तिथे असतानाच नोंदवा.

इटलीच्या बाजूला उतरणार असाल तर आणखी एक: २०२२ पासून तिथे तृतीय पक्ष दायित्व विमा (तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा) सक्तीचा आहे. विमा नसेल तर १०० ते १५० युरो दंड होतो आणि पास काढून घेतला जाऊ शकतो. तो पास गेल्याची भरपाई कुणी देत नाही.

प्रश्न : लंडनहून फ्रान्समधले पास क्रेडिट कार्डावर घेतले, कंपनी बुडाली. (वाचक, हॅरो)

तुमच्याकडे सगळ्यात धारदार हत्यार आहे. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५: वस्तूची किंवा सेवेची किंमत १०० पाउंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पाउंडांपर्यंत असेल, तर करारभंगासाठी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार, आणि हे परदेशातल्या खरेदीलाही लागू आहे. अडचण दोन ठिकाणी येते. प्रत्येक पास ९० पाउंडांचा आणि चार पास मिळून ३६० असतील, तर बँक एकेका पासची किंमत धरून नकार देऊ शकते. आणि मध्ये एजंट किंवा पेमेंट सेवा असेल तर बँक ‘साखळी तुटली’ म्हणते. नकार आला तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे) जा, तिथे शुल्क नाही. डेबिट कार्डाला कलम ७५ नाही, फक्त चार्जबॅक.

प्रश्न : गुलमर्गच्या सहलीत गोंडोल्याच्या (तिथल्या रोपवेच्या) दोन्ही टप्प्यांची तिकिटं आणि स्कीचं साहित्य धरून पैसे घेतले. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद होता. पुण्याचा सहल आयोजक म्हणतो, निसर्गाला काय करणार! (वाचक, कोथरूड)

निसर्गाला काही करायचं नाही. न वापरलेल्या तिकिटाचे पैसे आयोजकाकडे का राहिले, एवढंच विचारायचं. कोंगडोरीहून अफरवटकडे जाणारा दुसरा टप्पा वाऱ्यात बंद ठेवणं योग्यच आहे, ती सेवेतली त्रुटी नाही. न दिलेल्या सेवेचं मूल्य न परतवणं ही त्रुटी आहे. पावतीवर दुसरी मुदत नसेल तर ३० दिवसांत परतावा न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयोजकाला हेही विचारा, की गोंडोल्याच्या तिकिटाचा परतावा त्याला मिळाला का. मिळाला असून त्याने ठेवून घेतला असेल तर तुमची केस तिथेच भक्कम झाली.

पैसे ज्याला दिले तो प्रतिवादी. आयोजकाला स्पीड पोस्टने नोटीस द्या, १५ दिवस थांबा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. आयोजक जरा मोठा असेल तर बरेचदा इथेच मिटतं. नाही मिटलं तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, श्रीनगर गाठायची गरज नाही. पात्रता ठरते ती तुम्ही दिलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार हवी. आयोजकाला उत्तरासाठी ३० दिवस, आणि आयोगाने वाढवले तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार ४५ दिवसांपलीकडे सवलत नाही. मागणी मात्र सुटी सुटी लिहा: तिकिटाची रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई, खर्च. मनस्तापाचे पाच लाख लिहून आयोगाचा रोष ओढवू नका.

पुराव्यात सहलीचं माहितीपत्रक सगळ्यात मोलाचं, कारण ‘दोन्ही टप्पे समाविष्ट’ हे त्यावर छापलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं असेल तर नुसते स्क्रीनशॉट न देता संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, छापा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. आणि हे फोन बदलायच्या आधी करा.